धाकटीची सही

१

सही खोटी आहे, असं माझ्यासमोर बसलेला माणूस तिसऱ्यांदा म्हणाला आणि फॉर्मची प्रत त्याने बोटाने माझ्याकडे सरकवली.

विमा कंपनीच्या तक्रार विभागात तेवीस वर्षं काढल्यावर माणूस किती ओरडतो यावरून तो किती खरा आहे हे ठरवायचं नसतं, एवढं तरी मला कळलेलं आहे. मी त्याला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला सांगितलं.

पाच आठवड्यांपूर्वी त्याची बायको घरच्या गाडीतून जात असताना चौकात एका मालवाहू व्हॅनने गाडीला धडक दिली. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, हॉस्पिटलचं बिल झालं एक लाख ऐंशी हजार. घरातल्या चौघांची आमच्याकडे अपघाताची पॉलिसी होती. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे डिडक्टिबल लिहिलेलं असतं. डिडक्टिबल म्हणजे खर्चाचा पहिला घास. तो आपण गिळायचा, मग कंपनी पानावर बसते. आपला घास जितका मोठा, तितका वर्षाचा हप्ता लहान. त्याच्या बायकोच्या नावापुढे दहा हजार होते. म्हणजे दहा हजार यांनी भरायचे आणि एक लाख सत्तर हजार आम्ही.

प्रत्यक्षात आमच्या कंपनीने त्याला पत्र पाठवलं होतं की देणं शून्य. कारण अपघाताच्या अकरा दिवस आधी आमच्या काउंटरवरच्या पेटीत एक अर्ज पडला होता आणि त्यावरून त्याच्या बायकोचं डिडक्टिबल दहा हजारांवरून दोन लाख झालं होतं. सगळं बिलच आता पहिल्या घासात मावत होतं.

"बायको काय म्हणते?" मी विचारलं.

ती काहीच बोलत नव्हती. धक्का बसलाय, असं तो म्हणाला.

मी फाइल मागवली. चार वर्षांपूर्वी पॉलिसी घेताना चौघांनी केलेल्या सह्या त्यात होत्या. बायकोची सही पूर्ण नावाची, सरळ, वळणदार. नव्या अर्जावरची सही आखूड, उजवीकडे कललेली, खाली दोन टिंबं. दोन्ही एका हाताच्या आहेत असं आंधळासुद्धा म्हणाला नसता. आणि बाईंचा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे आता त्यांच्याकडून सही करून घेऊन बघायची सोय नव्हती.

गाडी कोण चालवत होतं, हे मी सहज विचारलं.

"वहिनी," तो म्हणाला. "तिला साधं खरचटलंसुद्धा नाही. आणि मॅडम, पॉलिसीची फाइल तिच्याच ड्रॉवरमध्ये असते."

२

आमचे साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत. त्यांची काचेची केबिन मला मिळायला हवी होती. हे मी कुणाला बोलले नाही, पण रोज तिच्यासमोरून जाताना पोटात एक मुंगी चावते ती चावतेच. साहेबांनी दोन मिनिटांत निकाल लावला. अपघाताच्या आधी डिडक्टिबल वाढवलं, गाडी स्वतः चालवली, म्हणजे हेतू आहे. शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर पोलिसांकडे देऊ. आज मंगळवार होता.

मी अर्ज पुन्हा वाचला. त्यात तीन गोष्टी मला खटकल्या. हप्ता कमी झाला की जादा भरलेले पैसे परत मिळतात, ते कुठल्या खात्यात जमा करायचे यासाठी अर्जात एक चौकट असते. ती कोरी होती. परताव्याची रक्कम आमच्याकडे तशीच पडून होती. दुसरं, बदल फक्त बायकोच्या ओळीत होता. नवऱ्याच्या नावापुढे दहा हजार तसेच. हप्ता वाचवायचा असता तर दोन्ही ओळी बदलल्या असत्या. तिसरं म्हणजे घडीपाशी एक बारीक, तेलकट, गुलाबी डाग होता. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, लिपस्टिक. मी वास घेतला. लिपस्टिकचा नव्हता.

एजंट दुपारी आला. जाडजूड, घामेजलेला माणूस, बोलताना सारखा चष्मा पुसणारा. अर्ज त्याने आणलाच नव्हता, आणला असता तर त्याचा शिक्का असता. शिवाय हप्ता कमी झाला की त्याचं कमिशनही कमी होतं. स्वतःच्या पोटावर कोण पाय आणेल, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

मग त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. वहिनी दाताची डॉक्टर. तिच्या नावापुढे पहिल्यापासून दोन लाखच डिडक्टिबल होतं, आणि ते शहाणपणाचं होतं. डॉक्टरांच्या संघटनेची तिची वेगळी पॉलिसी होती. पहिले दोन लाख ती पॉलिसी भरणार, त्यापुढचं आमची. म्हणून इकडचा हप्ता अगदी स्वस्तात पडत होता.

"धाकटीच्या मागे तसलं काही नाही," एजंट म्हणाला. "तिला दोन लाख म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. हे घरात फक्त डॉक्टरीणबाईंना नीट समजतं."

चार वर्षांपूर्वीच्या सह्या तुमच्यासमोर झाल्या का, असं मी जाता जाता विचारलं. त्याने चष्मा पुसायला काढला. कागद घरी देऊन आलो होतो, दुसऱ्या दिवशी भरून मिळाले, असं म्हणाला आणि उठला. जिना उतरेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

३

बुधवारी मी दवाखान्यात गेले. दारावर एकाच बाईचं नाव होतं. आत भिंतीवर बरे झालेल्या लोकांचे फोटो, आभाराची पत्रं, फुलदाणीत ताजी फुलं. डॉक्टरीणबाई उंच, कामापुरतं बोलणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवलं आणि डबा बाजूला सारला.

अर्ज आपण केला नाही, असं त्यांनी एकदाच सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही. घरची माहिती मात्र दिली. त्यांचे यजमान, म्हणजे थोरले भाऊ, जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत धाकटी जाऊ कवळ्या आणि दात बनवायची. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच गाडीने यायच्या, एकाच गाडीने जायच्या.

"भाऊजींनी माझ्याशी बोलणं सोडलंय," त्या म्हणाल्या. "जेवण वेगळं केलंय. ती खोलीतून बाहेर येत नाही."

तुमचं दोघींचं पटतं का, असं मी विचारलं.

"खरं सांगू? मला तिचा हेवा वाटतो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी भिंतीपलीकडून दोघांचं हसणं ऐकू येतं. कशाला हसतात ते कळत नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवते. एकदा तर मी मुद्दाम भाऊजींना हाक मारली, नळ गळतोय म्हणून. नळ गळत नव्हता. पण म्हणून मी तिचा हात मोडेन? ज्या हातावर माझा अर्धा दवाखाना चालतो तो?"

मी अपघाताचं विचारलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सिग्नल हिरवा होता. व्हॅनवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे लाल. चौकातला कॅमेरा बंद. धाकटीने पोलिसांना सांगितलं होतं की माझं लक्ष नव्हतं. त्यामुळे चूक कुणाची हे अधांतरी राहिलं आणि व्हॅनच्या विमा कंपनीने हात वर केले.

"सिग्नल सुटला हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी एका पेशंटच्या विचारात होते. तिनेच—" त्या एकदम थांबल्या. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी पाहिलं. चूक असेल तर माझी लिहा."

माझ्या धंद्यात लोक चूक दुसऱ्यावर ढकलतात. ही बाई काहीतरी गिळून ती स्वतःवर ओढून घेत होती. कुणासाठी, हे मला कळेना.

४

जाण्याआधी मी मागची खोली दाखवायला सांगितली.

पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती. हिला झरोकासुद्धा नव्हता. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, बारीक कोरण्या, एक दिवा, आणि एका ताटलीत अर्धवट वितळून पुन्हा घट्ट झालेलं गुलाबी मेण. कवळीच्या हिरड्या आधी या मेणाच्या करतात, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी बोट लावून वास घेतला. अर्जावरचा डाग इथला होता.

पण या खोलीत डॉक्टरीणबाईही रोज यायच्या. डागाने फक्त खोली दाखवली, माणूस नाही.

फळीवर तयार कामाचे छोटे डबे होते. प्रत्येक डब्याला पेशंटचा नंबर, तारीख आणि काम कुणी केलं याची चिठ्ठी. मी एक डबा उचलला. मग दुसरा, मग तिसरा. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काय झालं. माझ्या हातातल्या प्रत्येक चिठ्ठीवर तीच आखूड, उजवीकडे कललेली सही होती. खाली दोन टिंबं.

पाच-सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या तिथे होत्या. एवढ्या चिठ्ठ्यांवर कुणी खोटी सही करत बसत नाही.

अर्जावरची सही खरी होती. खोटी होती ती आमच्या फाइलमधली, चार वर्षांची जुनी, जिला आम्ही सगळे खरेपणाचा नमुना समजून बसलो होतो.

५

तिथूनच, नवरा कामावर असताना, मी त्यांच्या घरी गेले. धाकटीने डाव्या हाताने दार उघडलं. बारीक चणीची, तिशीतली. उजवा हात झोळीत. मला बघून तिने डोक्यावरून पदर घ्यावा तशी झोळी सावरली.

मी तिच्यासमोर अर्ज ठेवला आणि म्हटलं, मी बोलते, चुकलं तर सांगा.

"हा अर्ज ज्याने लिहिला त्याला हप्त्याच्या परताव्यात रस नव्हता, चौकट कोरी आहे. त्याला घरातलं दुसरं कुणाचं काही बदलायचं नव्हतं. त्याने रक्कम मागितली ती नेमकी दोन लाख, डॉक्टरीणबाईंच्या ओळीत आहे तेवढीच. आणि हे शेवटचं वाक्य वाचा. 'माझी रक्कम वाढवून मिळावी ही नम्र विनंती.' आपल्या डोक्यावरचं ओझं वाढवून मिळावं म्हणून नम्र विनंती कुणी करत नाही. वाढवून मागतात पगार, मुदत, आपला वाटा. हे लिहिणाऱ्याला वाटलं की दोन लाख कंपनी देणार."

तिने डाव्या हाताने अर्ज उलटा करून ठेवला.

"चिठ्ठ्यांवरच्या सह्या मी बघितल्यात," मी म्हटलं.

ती बोलायला लागली तेव्हा आवाज इतका सपाट होता की जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. एका पेशंटचं बिल शोधताना ताईंच्या ड्रॉवरमध्ये पॉलिसी दिसली होती. चार नावं. ताईंच्या पुढे दोन लाख, आपल्या पुढे दहा हजार. ते डिडक्टिबल की काय ते तिने वाचलं, पण शब्दाकडे लक्षच गेलं नाही. आकडे दिसले.

"दात मी घडवते," ती म्हणाली. "सहा सहा तास मान मोडून. लोक आरशात बघून रडतात आनंदाने आणि फुलं आणतात ती ताईंना. मला कोण ओळखतं? हे सुद्धा घरी आले की वहिनी अशा म्हणाल्या, वहिनींना विचारू. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांचा जीव दोन लाखांचा, माझा दहा हजारांचा. तिथेच बसून अर्ज लिहिला. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, वहिनींना विचारू."

मी डिडक्टिबल काय असतं ते तिला सांगितलं. दहा हजार हे तुमच्यावरचं लहान ओझं होतं, मोठं ओझं ताईंवर होतं आणि ते पेलायला त्यांच्याकडे दुसरी पॉलिसी होती, हेही सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पत्र आल्यावर तिला थोडंफार उमगलं होतं, पण पूर्ण आत्ता कळत होतं. खरं तर ताईंच्या ओळीपेक्षा चांगली ओळ तिचीच होती.

"मग तीन आठवडे गप्प का राहिलात? त्यांना पोलिसांत द्यायची भाषा चाललीय."

"आधी लाज वाटली," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नंतर बरं वाटलं. यांच्या तोंडून पहिल्यांदाच वहिनींविषयी वाईट ऐकत होते. वाटलं, आणखी एक दिवस ऐकू."

मी तिला नावं ठेवू शकले नाही. साहेबांच्या हातून एखादी फाइल चुकली की माझा दिवस कसा जातो, ते मला माहीत आहे. पण एक गोष्ट अजून राहिली होती. डॉक्टरीणबाई ज्या शब्दावर थांबल्या होत्या, तो.

"चौकात तुमचं लक्ष कुठे होतं?"

तिने झोळी पुन्हा सावरली.

"सिग्नलकडे," ती म्हणाली. "ताई कसल्या तरी विचारात होत्या. मीच म्हटलं, ताई, सुटला, चला."

६

डॉक्टरीणबाईंनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मोडलेल्या हाताच्या माणसावर 'तूच चला म्हणालीस' असं कसं ढकलायचं, म्हणून.

संध्याकाळी मी तिघांना एकत्र बसवलं. धाकटीने स्वतः सगळं सांगितलं, मी फक्त शेजारी होते. नवऱ्याला ते पटेना. पॉलिसीवरची सही बघा, तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मग मी त्याला विचारलं की चार वर्षांपूर्वीची ती सुरेख सही कुणी केली. एजंट घाईत होता, बायको माहेरी गेली होती, एका सहीने काय बिघडतं, असं वाटून त्यानेच करून टाकली होती. तीन आठवडे तो घरभर खोट्या सहीच्या नावाने बोंबलत होता आणि सबंध प्रकरणात खोटी सही एकच होती, त्याची. त्याने वहिनींची माफी मागितली, पण बसल्या जागेवरून, खाली बघून. डॉक्टरीणबाईंनी "असू दे" म्हटलं. ते असू देण्यासारखं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.

मग त्या धाकटीकडे वळल्या.

"मला विचारायचंस. मी वाचून दाखवलं असतं."

"तेच तर नको होतं, ताई," धाकटी म्हणाली.



अर्ज खरा असल्यामुळे आमच्या कंपनीचं देणं शून्यच राहिलं. मी ते बदलू शकत नव्हते. पण दुसरी वाट होती आणि ती मी त्यांना दाखवली. डिडक्टिबल हा आपला आणि आपल्या कंपनीचा आपसातला करार असतो. धडक देणाऱ्याच्या कंपनीला त्याच्या आड लपता येत नाही. चूक व्हॅनची ठरली तर सगळा खर्च पहिल्या पैशापासून त्यांनी द्यायचा, वर बुडालेल्या कामाची भरपाईसुद्धा. त्यासाठी एक साक्ष हवी होती.

गुरुवारी धाकटीने पोलिसांकडे जाऊन जबाब बदलला. आधी खोटं का सांगितलं, असं अधिकाऱ्याने विचारल्यावर तिने जावेचा हेवा वाटत होता म्हणून, असं सांगितलं. त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तिचा जबाब एकटा पुरला नसता. पण तो आल्यावर तपास पुन्हा सुरू झाला आणि चौकातल्या चावीवाल्यानेही व्हॅन लाल सिग्नल तोडून आल्याचं सांगितलं. आधी का नाही बोललास, तर म्हणे कुणी विचारलंच नाही. पाच महिन्यांनी व्हॅनच्या कंपनीने पूर्ण पैसे दिले.

शुक्रवारी मी साहेबांना अहवाल दिला. जुन्या सहीचं त्यात लिहिलं, एजंटचा निष्काळजीपणाही लिहिला. साहेबांनी पूर्ण वाचून चांगलं काम म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ते स्वतःच्या नावावर सांगितलं. मी वहीत रेघोट्या मारत बसले.

मूळ कागद परत द्यायला मी महिन्याभराने दवाखान्यात गेले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागून आवाज येत होता. धाकटीचं मनगट अजून नीट वळत नव्हतं, बारीक काम जमायला निदान सहा महिने लागणार होते आणि पेशंट तर थांबणार नव्हते. दिव्याखाली डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, हातात कोरणी, बोटांना गुलाबी मेण, केस विस्कटलेले. धाकटी शेजारी उभी होती.

"ताई, हे बसणार नाही तोंडात," ती म्हणाली. "वितळवा. पुन्हा करा."

"चौथ्यांदा?"

"मी पहिल्या वर्षी चाळीसदा केलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी दोन तासांचं काम उचललं, आचेवर धरलं आणि ते ओघळून ताटलीत पडेपर्यंत हलल्या नाहीत. मग त्यांनी नवं मेण घेतलं आणि खुर्ची दिव्याकडे आणखी पुढे ओढली.